बॉक्सवर '५० डेसिबल', तरी द्वारकेचा हॉर्न ऐकू येतोच! स्वस्तातले नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेताना नक्की बघायचं काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने राज्यांना आणि मेडिकल कॉलेजांना एक पत्र पाठवलं. विषय होता हेडफोन आणि इअरफोन. तरुणांचे कान खराब होतायत आणि एकदा गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, म्हणून काही सूचना दिल्या होत्या. आवाज ५० डेसिबलच्या वर नको. दिवसाला दोन तासांपेक्षा जास्त वापर नको, तोही मध्ये मध्ये थांबून. आणि जमलं तर नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घ्या, म्हणजे आवाज कमी ठेवून भागेल.

आता दुसरा सरकारी कागद बघा. ध्वनिप्रदूषण नियम, २०००. यात दिवसाची मर्यादा रहिवासी भागात ५५ डेसिबल आहे, व्यापारी भागात ६५ आणि औद्योगिक भागात ७५.

दोन्ही कागद शेजारी ठेवले की गंमत कळते. नाशिकच्या एमजी रोडवर उद्या सगळ्यांनी शहाण्यासारखा कायदा पाळला, तरी बाहेरचा आवाज ६५ पर्यंत जाऊ शकतो. आणि कानातला आवाज ठेवायचा ५०. म्हणजे गाणं लावलंय हे फक्त मोबाईलच्या स्क्रीनवर दिसणार, ऐकू काही येणार नाही. बरं, द्वारका चौक, मुंबई नाका किंवा रविवार कारंजावर संध्याकाळी उभं राहिलेल्या कुणालाही विचारा, कायदा किती पाळला जातो ते.

त्यामुळे माणूस काय करतो? व्हॉल्यूम वाढवतो. बाहेरचा गोंगाट झाकायला कानात त्याहून मोठा गोंगाट. 'एएनसी'वाले, म्हणजे अ‍ॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशनवाले हेडफोन इथे कामाला येतात. पाच-सहा वर्षांपूर्वी ही वस्तू विमानाने फिरणाऱ्यांची होती. आता दोन-अडीच हजारांत मिळते. पण या किमतीत नक्की काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे बॉक्सवरून कळत नाही. किंबहुना कळू नये अशीच बॉक्सची रचना असते.

आधी कानाचं गणित

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब सोपा आहे. मोठ्या माणसाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ऐकलं तर चालतं. ९० डेसिबलवर हाच वेळ ४ तासांवर येतो. ९५ वर सव्वा तास आणि १०० वर फक्त २० मिनिटं. हे आकडे दिवसाचे नाहीत, आठवड्याचे आहेत. लहान मुलांसाठी तर ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबललाच येते.

डेसिबल आपल्या पट्टीसारखा चालत नाही. ८० चे ९० झाले की आकडा थोडाच वाढतो, पण कानावर पडणारी ऊर्जा दहापट होते. म्हणून सुरक्षित वेळ ४० तासांवरून थेट ४ तासांवर येतो.

आता हे नाशिकच्या माणसाला लावून बघू. पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत. १९७५ पासून ही गाडी धावतेय आणि तिच्या पासधारकांचं एक वेगळंच गाव आहे. नाशिकरोड ते सीएसएमटी साधारण साडेतीन तास. जाऊन-येऊन सात. आठवड्याचे पाच दिवस धरले तर ३५ तास. या माणसाने गाडीच्या खडखडाटावर मात करायला आवाज ९० डेसिबलला नेला, तर त्याचा आठवड्याचा कोटा सोमवारी परतीच्या प्रवासात, दादर-ठाण्याच्या आसपासच संपतो. कसारा घाट यायच्या आधीच. पुढचे चार दिवस सगळं उधारीवर.

याच माणसाला हेडफोनमुळे आवाज फक्त १० डेसिबलने खाली आणता आला, तर तेच ३५ तास ४० च्या आत बसतात. प्रवास तोच, वेळही तेवढाच, गाणीही तीच.

म्हणून माझं मत सरळ आहे. एएनसी हेडफोन शांतता विकत घ्यायला घेऊ नका. ती मिळत नाही, वीस हजार मोजले तरी पूर्ण मिळत नाही. व्हॉल्यूम किती खाली आणता येतो, हा एकच प्रश्न घेऊन दुकानात जा. बाकीची सगळी वैशिष्ट्यं त्यानंतर.

सरकारच्या पत्रातली ५० डेसिबलची मर्यादा आणि आरोग्य संघटनेची ८० डेसिबलवाली मर्यादा यांत बरंच अंतर आहे, हेही खरं. ५० म्हणजे जवळजवळ हलक्या आवाजातल्या गप्पा. घरात रात्री जमेल, सिटीलिंकच्या बसमध्ये जमणं अवघड. पण दिशा दोघांची एकच आहे, खाली.

आवाजाचा अंदाज घ्यायला वेगळं यंत्र लागत नाही. आयफोनच्या हेल्थ अ‍ॅपमध्ये हेडफोनची पातळी दिसते. अँड्रॉइड १४ पासून बऱ्याच फोनवर खूप वेळ मोठ्याने ऐकलं तर इशारा येतो. तो इशारा आपण 'ओके' करून उडवतो, ही गोष्ट वेगळी.

हे चालतं कसं, आणि हॉर्नवर का चालत नाही

आवाज म्हणजे हवेतली लाट. बाहेरची लाट मायक्रोफोनने पकडायची, तिच्या बरोब्बर उलटी लाट तयार करायची आणि कानात सोडायची. एक वर जाते तेव्हा दुसरी खाली. दोघी एकमेकींना मारतात. कल्पना जुनी आहे. पॉल ल्यूग या जर्मन माणसाने १९३३ साली यासाठी पेटंटचा अर्ज केला होता. पुढे अमर बोस, ज्यांचे वडील बंगालमधून ब्रिटिशांच्या ससेमिऱ्यामुळे अमेरिकेला गेले होते, ते १९७८ मध्ये विमानातून जाताना इंजिनाच्या घरघरीला कंटाळले आणि त्यांनी तिथेच आकडेमोड सुरू केली. १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीचा वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आला.

विमानाचं इंजिन हा या तंत्राचा लाडका शत्रू आहे, कारण तो आवाज जाड आणि एकसुरी असतो. जाड आवाजाची लाट लांब असते. १०० हर्ट्झची घरघर घेतली तर एक लाट जवळपास साडेतीन मीटरची. तिच्या उलट लाट बनवायला चिपला वेळ मिळतो. याउलट हॉर्नमधला जो कर्कश भाग असतो, दोन-तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यातला, त्याची लाट जेमतेम दहा-पंधरा सेंटिमीटर. तिथे सेकंदाच्या सहा हजाराव्या भागात वर-खाली होतं. एवढ्यात मोजा, उलटा आणि सोडा, हे स्वस्त चिपला झेपत नाही. महागड्यालाही नीट झेपत नाही. शिवाय हॉर्न अचानक येतो, एकसारखा चालत नाही.

त्यामुळे काय जातं? रेल्वेची घरघर, बसचं इंजिन, एसी, कूलर, पंखा, मिक्सरचा जाड भाग, जनरेटर. काय राहतं? हॉर्न, कुकरची शिट्टी, कुत्र्याचं भुंकणं, बाळाचं रडणं आणि माणसांचं बोलणं.

बोलण्याच्या बाबतीत तर उलटंच होतं. कॉलेज रोडच्या अभ्यासिकांमध्ये एमपीएससीची तयारी करणारी बरीच मुलं गाणं न लावता नुसतं एएनसी चालू करून बसतात. पहिल्या दिवशी त्यांना धक्का बसतो. पंख्याचा आवाज गायब होतो आणि तीन टेबलं पलीकडची कुजबुज स्वच्छ ऐकू यायला लागते. हेडफोन बिघडलेला नसतो. इतके दिवस पंखा ती कुजबुज झाकत होता, आता तो पडदा गेला. अशा वेळी अगदी हळू आवाजात पावसाचा किंवा तसलाच एकसुरी आवाज लावला की काम होतं.

मग हॉर्न आणि बोलणं अडवतं कोण? रबराची टोपी. सिलिकॉनची ती छोटी टोपी किंवा कानाभोवतीची गादी. हिला बॅटरी लागत नाही, चिप लागत नाही, पण बारीक आवाज अडवण्याचं बहुतेक काम तीच करते. इतकंच नाही, टोपी सैल बसली तर फटीतून जाड आवाज आत येतो आणि एएनसीची सगळी मेहनत वाया जाते. बॉक्समध्ये टोप्यांच्या तीन जोड्या येतात. मधली लावलेली असते. बाकीच्या दोन, माझ्या बघण्यात, जन्मभर पाकिटातच राहतात. पाच हजारांचे सैल बसलेले बड्स दोन हजारांच्या घट्ट बसलेल्यांपुढे हरतात. दोन्ही कानांना वेगवेगळा साइज लागणं हेही अगदी नॉर्मल आहे.

यातूनच एक गोष्ट ठरते. टोपी नसलेले, कानाच्या तोंडाशी नुसते अडकवायचे बड्स असतात ना, त्यांवर एएनसी लिहिलेलं असलं तरी आमच्या मते या कामासाठी घेऊ नयेत. दार उघडं ठेवून एसी लावण्यातला प्रकार.

बॉक्सवरचे शब्द आणि आकडे

सगळ्यात मोठा गोंधळ दोन शब्दांचा आहे. एएनसी आणि ईएनसी.

ईएनसी म्हणजे तुम्ही कॉलवर असताना तुमच्या माइकमधून जाणारा आजूबाजूचा गोंगाट कमी करणं. फायदा समोरच्याला. तुमच्या कानात त्याने काडीचा फरक पडत नाही. हजार-बाराशेच्या बहुतेक बड्सवर जे 'नॉइज कॅन्सलेशन' मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं ते हेच. काही कंपन्यांनी त्याला स्वतःचं नाव दिलंय, बोटच्या बॉक्सवर 'ईएनएक्स' असतं ते याच जातीचं. यात खोटं काही नाही, पण घेणाऱ्याला वाटतं एएनसी आहे. 'चार माइक' हा शब्दही बहुतेक वेळा कॉलसाठीच असतो. त्यामुळे बॉक्सवर 'अ‍ॅक्टिव्ह' हा शब्द शोधा. तो नसेल तर नाही. 'हायब्रिड एएनसी' लिहिलं असेल तर माइक बाहेरही आहे आणि आतही, म्हणजे यंत्र स्वतःचं काम स्वतः तपासतं. बजेटमध्ये मिळत असेल तर हे बघा.

आता डेसिबलचा आकडा. वनप्लस नॉर्ड बड्स ३ आले तेव्हा २,२९९ रुपयांना होते आणि दावा होता ३२ डेसिबलपर्यंत. सीएमएफ बड्स २,४९९ ला, दावा ४२. सीएमएफ बड्स प्रो २ आले ४,२९९ ला, दावा थेट ५०. हे वाचून वाटतं की ५० वाले ३२ वाल्यांच्या कितीतरी पुढे असणार.

त्यातला कळीचा शब्द 'पर्यंत'. तो आकडा एखाद्या ठरावीक जाड आवाजाला मिळालेला सर्वात चांगला मार्क असतो, सगळ्या विषयांची सरासरी नाही. दहावीच्या निकालात फक्त चित्रकलेचे मार्क सांगण्यासारखं. शिवाय सगळ्यांनी एकाच पद्धतीने मोजून आकडा छापावा असं या बड्सवर बंधन नाही. एका कंपनीचे ४२ आणि दुसरीचे ३२ यांची थेट तुलना होत नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्ये हा आकडा थोडाफार कामाचा, त्यापलीकडे नाही. खरंच सगळा आवाज ५० डेसिबलने कमी झाला असता, तर एमजी रोडवर उभं राहून तुम्हाला मध्यरात्रीच्या शेतात असल्यासारखं वाटलं असतं.

बॅटरीचंही तसंच. मोठा छापलेला आकडा एएनसी बंद ठेवून, आणि बड्स असतील तर डबीतली चार्जिंग मिळवून काढलेला असतो. सोनीच्या डब्ल्यूएच-सीएच७२०एन या हेडफोनवर कंपनी स्वतः दोन आकडे देते. एएनसी बंद असताना ५० तास, चालू असताना ३५. असा दुसरा आकडा शोधायचा. जो देत नाही त्याच्याकडे संशयाने बघायचं.

एमआरपीकडे तर बघूच नका. ७,९९० खोडून १,४९९ केलेलं असलं की मन खुश होतं, पण ती वस्तू ७,९९० ला कधी विकलीच गेली नसण्याची शक्यता जास्त. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी बदलला म्हणून हेडफोन स्वस्त झाले, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. टीव्ही आणि एसी २८ टक्क्यांवरून १८ वर आले. हेडफोन आधीपासूनच १८ मध्ये होते, तिथेच राहिले.

बड्स की मोठे हेडफोन?

दोन ते साडेचार हजारांत बड्सची निवड मोठी आहे. तेवढ्यात कान झाकणारे मोठे हेडफोनही येतात. बोटचा निर्वाणा ७५१ हा २०२२ मध्ये ३,९९९ ला आला होता, एएनसीसकट. त्याच्या वर गेलात तर सोनीचा सीएच७२०एन, २०२३ मध्ये ९,९९० ला आलेला. सेलमध्ये तो खाली येतो. वजन फक्त १९२ ग्रॅम, म्हणजे पंचवटीच्या साडेतीन तासांत डोक्याला जड होत नाही. 'परवडणारे' या शब्दात दहा हजार बसतात का, यावर वाद होऊ शकतो. माझ्या पगारात बसत नाहीत.

तरीही मोठ्या हेडफोनच्या बाजूने एक गोष्ट बोलायला हवी, ती म्हणजे आयुष्य. बड्समधली बॅटरी शेंगदाण्याएवढी, बदलता न येणारी. रोज वापरली की दोन-तीन वर्षांत तिची ताकद उतरते आणि अख्खा बड कचऱ्यात जातो. त्यात एक बड हरवतोच, बहुधा उजवा. मोठ्या हेडफोनमध्ये बॅटरीला जागा असते, गादी बदलता येते आणि बऱ्याच मॉडेलना वायर लावायची सोय असते. चार वर्षांचा हिशोब केला तर चार हजारांचा हेडफोन दोन हजारांच्या दोन बड्सच्या जोडीइतकाच पडतो.

विरोधातली गोष्ट म्हणजे एप्रिल-मे. नाशिक थंड हवेचं असल्याचं आपण बाहेरच्यांना सांगतो, पण पारा चाळिशीला गेला की कानाभोवती ती रेक्झिनची गादी नको होते. घामाने तिचे पोपडे निघतात. पावसाळ्यात बड्सवाल्यांची पाळी. दमट हवेत, ओल्या कानात तासन् तास टोपी घालून बसलं तर कानात बुरशी होते आणि खाज सुटते. अंघोळ केली की कान कोरडा होऊ द्या, टोप्या आठवड्यातून एकदा धुवा, आणि बड्स मित्राला देऊ नका.

ढोबळमानाने, घरी, ऑफिसात किंवा अभ्यासिकेत बसून वापरणार असाल तर मोठे हेडफोन, बस-रेल्वेत चढ-उतार असेल तर बड्स. दिवसभर मीटिंग असणाऱ्यांनी लॅपटॉप आणि मोबाईल दोन्हींना एकाच वेळी जोडता येतं का, तेवढं विचारून घ्या.

दुकानात करायची एक परीक्षा

ऑनलाइन घेतलं तरी चालेल, पण आधी एकदा एमजी रोडला किंवा जवळच्या मोठ्या दुकानात डेमो पीस कानात घालून बघा. आतल्या एसीत नको. दुकानाच्या दारात, रस्त्याकडे तोंड करून.

गाणं लावू नका. गाणं काहीही लपवतं. एखादा बोलण्याचा कार्यक्रम लावा, बातम्या किंवा कीर्तन, जे तुम्ही आधी ऐकलंय. एएनसी बंद ठेवून आवाज इतका वाढवा की शब्द न् शब्द कळेल. किती टक्क्यांवर आहे ते बघा. मग एएनसी चालू करून आवाज खाली आणत जा आणि शब्द निसटायला लागले की थांबा. दोन आकड्यांमधलं अंतर म्हणजे तुम्ही ज्यासाठी पैसे देताय ते. दोन मॉडेलमध्ये ज्याचं अंतर जास्त आणि ज्याचा खालचा आकडा कमी, तो घ्या. बॉक्सवर ३२ असो की ५०.

मग गाणं पूर्ण बंद करून एक मिनिट एएनसी चालू ठेवा. सुंऽऽ असा बारीक आवाज येतोय का? कानाला दडे बसल्यासारखं होतंय का? काहींना होतं, काहींना नाही. तुम्हाला होत असेल तर त्या वस्तूचं कितीही कौतुक वाचलेलं असू द्या, ती तुमच्यासाठी नाही. एएनसी कमी-जास्त करायची सोय असेल तर एक पायरी खाली आणून पुन्हा बघा.

बॉक्सवर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. तो बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये टाकला की नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. नामांकित कंपनीच्या 'फर्स्ट कॉपी' बड्समध्ये फोनवर एएनसीचं बटण दिसतं, दाबलं की टुंग असा आवाजही येतो, फक्त गोंगाट कमी होत नाही. पक्कं बिल घ्या. वॉरंटी नाकारली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे आणि तिथे बिलाशिवाय तुमचं म्हणणं पुढे न्यायला फार काही हाताशी राहत नाही.

नाशिक ढोलपुढे एएनसी? विसरा

नाशिक ढोल देशभर लग्नात आणि वरातीत वाजतो. त्याचा आवाज जाड असतो, मग एएनसीने जायला हवा, नाही का? जात नाही. ढोल एकसुरी नसतो, प्रत्येक टोला वेगळा आणि झटक्यात येणारा. आणि तो इतका मोठा असतो की बड्समधल्या इवल्याशा स्पीकरला तेवढीच मोठी उलटी लाट काढणं शक्यच नसतं. विसर्जन मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीपुढे तर प्रश्नच नाही. वाकडी बारवपासून मिरवणूक निघाली की काही जण एएनसी बड्स घालून पुढे चालतात आणि कान वाचले असं समजतात. त्यात बड्समधून गाणं चालू असेल तर दुहेरी मारा.

पथकात ढोल वाजवणाऱ्यांनी, डीजेजवळ ज्यांना थांबावंच लागतं त्यांनी आणि सातपूर-अंबडच्या प्रेस शॉपमधल्या कामगारांनी कानाच्या संरक्षणासाठी मोजून-तपासून बनवलेली वस्तू वापरायची. थ्रीएम ११०० सारखे फोमचे बोळे असतात, त्यांवर ठरलेल्या चाचणीचा २९ डेसिबल असा एनआरआर आकडा असतो. किंमत चहा-वडापावच्या हिशोबातली. कानात बोळे घातलेला ढोलवादक दिसला की पोरं हसतात. मिरवणुकीनंतर दोन दिवस कानात गुंईऽऽ वाजत राहतं तेव्हा हसायला कुणी नसतं.

खरं तर इथे चिडायलाच हवं. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर बंद, हा नियम आहे. सणासुदीला सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकतं, त्यापुढे नाही. आवाज बंद करणं हे यंत्रणेचं काम. पण ते होत नाही म्हणून प्रत्येकाने आपापल्या खिशातून अडीच हजार घालून स्वतःपुरती शांतता घ्यायची, असा मामला झालाय. ज्यांच्याकडे अडीच हजार नाहीत, त्यांचं काय? रात्री घराशेजारी डीजे चालूच असेल तर ११२ ला फोन करा. हेडफोनपेक्षा तो उपाय फुकट आहे आणि शेजारच्या आजीलाही त्याचा उपयोग होतो.

कधी काढून ठेवायचे

गाडी चालवताना. दुचाकी असो की सायकल. वाऱ्याने माइक गोंधळतो, त्यामुळे एएनसी तसंही नीट चालत नाही, आणि मागून येणाऱ्या ट्रकचं इंजिन हा नेमका तो जाड, एकसुरी आवाज आहे जो एएनसी सर्वात छान पुसतं. रस्ता किंवा रूळ ओलांडताना हेच लागू. फूटपाथवर चालताना बाहेरचा आवाज आत सोडणारा मोड असतो, तो लावा. घेतानाच तो आहे का बघा, आणि खिशातून फोन न काढता बडवर बोट दाबून तो लागतो का, तेही बघा.

आणि एक आत्ताच सांगण्यासारखं. ३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहणाने नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ सुरू होतोय. पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, दुसरं ३१ ऑगस्टला, तिसरं नाशिकला ११ सप्टेंबरला आणि त्र्यंबकला १२ ला. तोवर शहरात खोदकाम, मशीन आणि डंपर राहणारच, तिथे घरात बसून काम करणाऱ्यांना एएनसीचा चांगला उपयोग होईल. पण पर्वणीच्या गर्दीत बड्स खिशात ठेवा. २७ ऑगस्ट २००३ ला याच शहरात सिंहस्थाच्या चेंगराचेंगरीत ३९ माणसं गेली. गर्दीत पुढे रस्ता बंद केलाय, मागे फिरा, डावीकडून जा, हे सगळं भोंग्यावरून सांगितलं जातं, आणि बड्स कानात असतील तर ती सूचना तुमच्यापर्यंत उशिरा पोहोचेल किंवा पोहोचणारच नाही.